राल्फरावांची लेकरं

कानस मध्येच थांबली. सोपानरावांना आधी वाटलं, हात झोपला. पहिल्या पाळीला हात झोपणं काही नवं नव्हतं. डोळे उघडे, पाय सिमेंटवर रोवलेले, आणि हात आपला मोटेच्या बैलासारखा पुढं-मागं करता करता डुलकी काढणारा. पण आज हात झोपला नव्हता, उलट एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दचकून जागा झाला होता. बाकावर दोन हात लांबीची पितळी पाटी आडवी पडली होती, कालच साच्यातून निघालेली, अजून वाळूनं माखलेली. तिच्या तळाशी बारीक बारीक माणसांची ओळ होती आणि त्या ओळीत, दोन उभ्या पोरींच्या मधे, एक गाठोडं होतं. पेराएवढं. गच्च गुंडाळलेलं, वरून आडव्यातिडव्या पट्ट्या बांधलेल्या, आणि टोकाला वाटाण्याएवढं तोंड. सोपानरावांनी त्या तोंडावरची वाळू अंगठ्यानं पुसली आणि मग त्यांना पुढं काही करताच येईना. शेजारच्या बाकावर चाक किंचाळत होतं, ठिणग्या उडत होत्या, कुणी कुणाला तरी शिवी घालून हाक मारत होतं, सगळं नेहमीचंच. फक्त सोपानरावांचं मन, दमलेलं माणूस वाटेत दिसेल त्या पायरीवर बसतं ना, तसं त्या गाठोड्यापाशी मटकन बसलं आणि उठायला तयार होईना.

ती पाटी म्हणजे विलायतेच्या कुठल्याशा चर्चमधल्या पाटीची नक्कल होती. मूळ पाटी पाचशे-सहाशे वर्षांची, एका सरदाराच्या थडग्यावर बसवलेली. तिकडची हौशी माणसं तिच्यावर कागद पसरतात, वरून काळा मेणखडू घासतात आणि उमटलेलं चित्र घरी नेऊन भिंतीला लावतात. घासून घासून सरदाराचं नाक झिजायला लागलं तेव्हा तिथल्या लोकांनी नकला करून घ्यायचं ठरवलं, आणि स्वस्तात कोण ओतून देतो असं विचारत विचारत तो सरदार भोसरीच्या एमआयडीसीत येऊन पोचला. ही सगळी हकीकत भीमराजनं सांगितली होती. भीमराज त्यांच्या खात्याचा चार्जमन, दापोडीचा, मॅट्रिक झालेला आणि इंग्रजी वाचायची दांडगी हौस असलेला. मागणीबरोबर आलेला माहितीचा कागद तो डबा खाताना रोज थोडा थोडा वाचून सांगायचा. सगळा एकदम का सांगत नाही म्हणून शेजारच्या बाकावरच्या खंडूनं तक्रार केली तर म्हणाला, "एकदम सांगितला तर उद्या काय तुमची तोंडं बघत जेवू का?" सरदाराचं नाव सर राल्फ, हार्वडनचे जहागीरदार. खंडूनं त्याचं लगेच राल्फराव करून टाकलं, आणि दोन दिवसांत राल्फराव असे काही खात्यातलेच होऊन गेले, जणू हजेरी लावून सुट्टीवर गेलेत.

"अठराव्या वर्षी लग्न, आणि त्याच साली फ्रान्सात लढाईला," भीमराज सांगायचा. "पहिल्याच लढाईत घोड्यावरून पडला आणि धरला गेला."

"घोड्यानं पाडला का शत्रूनं?" खंडू.

"ते लिहिलेलं नाही राव. म्हणजे घोड्यानंच."

मग चार वर्षं कैद. तिकडं तो कोठडीत आणि इकडं गढीत बायको बाळंत. त्याला सोडवता सोडवता अर्धी जहागीर विकली. परत आला तर गादीवर दुसराच राजा. कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते राल्फरावाला कळलं नाही, आणि उभा राहिला तो नेमका हरणाऱ्याच्या बाजूनं. झालं, उरलेली जमीन, गढी, सगळं नव्या राजानं काढून घेतलं. इथं सोपानरावांनी मान वर केली होती. इतके दिवस ते नुसते ऐकत होते. "काढून घेतलं म्हंजे? संपादनात?" त्यांनी विचारलं. "तसंच म्हणा की." "मग घरटी एक नोकरी दिली का?" सगळे असे काही हसले की खंडूला ठसका लागला. सोपानरावही हसले, पण त्यांनी काही ते हसवायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. जमीन गेल्यावर तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठं गेला असेल? माणसाला सवयीनं जाग येतेच की. पाय बाहेर पडतातच. मग पुढं?

पुढं काही फार बरं झालं नाही. पहिली बायको एलिनॉर बाळंतपणात गेली, मार्जरी म्हणून दुसरी केली. एक मुलगा लढाईत गेला, एक साथीत. काही जमीन म्हातारपणी परत मिळाली, ती जावयाच्या घरात गेली. आणि एवढ्या तलवारी चालवून शेवटी राल्फराव मेले ते अंथरुणात, खोकल्यानं. सोपानरावांना त्यांचा चेहरा ओळखीचा वाटायचा तो त्यामुळंच असेल. माहितीच्या कागदावरच्या बारीक चित्रात तो दोन बायकांच्या मधे असायचा, हात जोडलेले, कमरेला तलवार, पायाशी कुत्रं, डोळे सताड उघडे. दुसरी पाळी संपवून तिसरीला थांबलेल्या माणसाचे असतात तसे डोळे. "हा उभा नाहीये बरं का," भीमराज म्हणाला होता, "हा झोपलाय. थडग्यावर आहे ना." म्हणजे मेल्यावरसुद्धा चिलखत काढलं नाही त्यानं. सोपानरावांना एकदम आपल्या पायातले कंपनीचे बूट जड झाल्यासारखे वाटले होते.

आणि आज हे गाठोडं. डब्याची वेळ होईपर्यंत त्यांनी पाटीच्या वरच्या अंगाला काम केलं, तलवार साफ केली, कुत्र्याचे कान साफ केले, खाली गेलेच नाहीत. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं, "भीमराज, ते गुंडाळलेलं कोण रं खाली?"

भीमराजनं कागद काढला, तेलकट बोट टेकवत ओळ शोधली. "लेकरं सगळी तेरा. मुलगे बापाच्या पायाशी, मुली आयांच्या पायाशी. त्यातली सात त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली. हे जे कपड्यातलं आहे ते अगदी तान्हं, नाव ठेवायच्या आत गेलेलं. मुलीच्या ओळीत आहे, म्हणजे मुलगीच."

"गेलेली बी धरली त्यानं?"

"सगळी. मरायच्या आधी कारागिराला बोलावून स्वतः सांगितलं म्हणे, कोण कुठं उभं करायचं ते. असेल त्यांची पद्धत. लेकरं किती विचारलं तर झालेली सगळी मोजायची, उरलेली नाही."

सोपानरावांनी तुकडा तोंडात घातला आणि तो तोंडातच फिरत राहिला. त्यांना कुणी विचारलं तर ते तीन म्हणायचे. दोघं पोरं आणि कस्तुरा. वीस वर्षं तीनच म्हणत आले होते, न अडखळता, जीभ अशी सरावलेली. कस्तुराच्या आधीची लेक नऊ दिवस होती. बाराव्याला बारसं होणार होतं, पाळणा शेजारून मागून आणलेला होता. सकाळी सकाळी ती तापली आणि दुपारी गार झाली, आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात कुणीतरी त्यांच्या हातात ते गाठोडं दिलं. काय वजन होतं त्याचं! तसं पाहिलं तर काहीच नव्हतं. शेरभर दाण्याची पिशवी जड लागेल. पण ते बांधापर्यंत चालत गेले तेव्हा रस्ता काही संपेना. बाभळीखाली खड्डा केला, वर काट्या टाकल्या, घरी आले, आंघोळ केली. विमल आतून म्हणाली, "कुटं ठिवलं?" ते म्हणाले, "बांधाला." एवढंच. त्या विषयावर नवरा-बायकोत आजवर झालेलं सगळं बोलणं ते एवढंच. पुढं मोजणीवाले आले, साखळ्या ओढल्या, खांब रोवले. बांध गेला, बाभूळ गेली, आणि जमिनीच्या बदल्यात सोपानरावांना त्याच जमिनीवर नोकरी लागली. आता बांधावर कुंपणाची भिंत आहे आणि भिंतीला लागून सायकल स्टँड. रोज सकाळी सायकल लावताना त्यांना वाटायचं, इथंच कुठंतरी. की पलीकडं? सगळं सपाट करून टाकल्यावर बाभूळ कुठं होती ते सांगायचं कसं? विमल मात्र इतक्या वर्षांत एकदाही कंपनीच्या फाटकापाशी आली नव्हती. डबा घरी विसरला तर पोराच्या हाती धाडायची. ती का येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून विचारलं नव्हतं. विचारायला अंगात बळ लागतं, आणि पाळी करून आल्यावर ते उरत नाही असं ते स्वतःला सांगत. सुट्टीच्या दिवशी काय सांगत कोण जाणे.

खरं म्हणजे हे सगळं वर आलं ते मागच्या रविवारी. कस्तुराचं लग्न ठरलेलं, आणि घरात लग्न निघालं की आधी देव उजळायचे. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे ते चांदीचे छोटे ठसे, सोनाराकडं न्यायचे, झिजलेले नवे करायचे, मधल्या काळात कुणी गेलं असेल तर त्याचाही टाक घडवायचा, म्हणजे लग्नाला सगळे हजर. बायका गोल करून बसल्या होत्या, मधोमध परात, परातीत खंडोबा, भवानी, बहिरोबा, आजा आणि बाप. चुलती अंबूबाई सगळ्यांत थोरली, म्हणून तिच्या शब्दाबाहेर काही नाही. आणि विमल, जी चारचौघांत कधी तोंड उघडत नाही ती, चिंचेचं पाणी ढवळता ढवळता म्हणाली, "आत्याबाई, एक टाक माज्या पयल्या लेकीचा करू या का?" परातीतला खडखडाट थांबला. अंबूबाई म्हणाली, "अगं, टाक पितरांचा आस्तो. तिचं बारसं तरी झाल्यालं का? नाव न्हाई तिला, काय म्हनून बशिवायची? आन पोरीच्या जातीचा टाक आपल्यात कुनी केलाय?" विमलनं मान वळवून सोपानरावांकडं बघितलं. ते खांबाला टेकून चहा पीत होते. सगळ्यांनीच बघितलं. आणि सोपानरावांनी काय करावं? कपात बघितलं. चहाच्या तळाशी साखर साचली होती, ती हलवून हलवून विरघळवली. विमलनं मान परत वळवली आणि खंडोबा घासायला घेतला. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. वाढू का, पाणी तापलंय, साबण संपलाय. भांडण नाही, रडणं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. हे म्हणजे घरात एक माणूस कमी झाल्यासारखं होतं.

डब्याची सुट्टी संपल्यावर पाटी नीट उतरली की नाही ते बघायला भीमराजनं तिच्यावर पातळ कागद पसरला आणि मेणखडूनं घासायला लागला. काळ्यातून पांढऱ्या रेघा वर यायला लागल्या; आधी तलवार, मग बायकांचे पदर, मग पोरांची ओळ. कागद थोडा सरकला, राल्फरावांना दोन हनुवट्या आल्या, भीमराजनं तो बाजूला टाकून दुसरा घेतला. सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा सोपानरावांनी तो टाकलेला कागद घडी करून डब्याच्या पिशवीत घातला. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी न्यायचा, दाखवायचा, असं काही ठरवलेलं नव्हतं. चढावर सायकल हातात धरून चालताना ते एवढंच म्हणत होते, की तो जहागीरदार, त्याला माणसं होती, भाट होते, त्यानं काहीही करावं. आपण कोण. आणि लगेच वाटायचं, जहागीर तर त्याचीही गेलीच होती की.

घरी येऊन ते न्हाणीत शिरले, डोक्यावर तांब्या ओतत बराच वेळ तसेच बसून राहिले. बाहेर आले तर स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज, आणि दुपारच्या या वेळी कधी नाही तो ताज्या भाकरीचा वास. "या, बसा," विमल म्हणाली. आवाज वेगळाच. ताटात भाकरी, वर लोण्याचा गोळा. सोपानरावांनी देव्हाऱ्याकडं बघितलं. डबा धुवायला काढताना तिला कागद सापडला होता. देव उजळायला सोनाराकडं गेलेले म्हणून देव्हारा मोकळाच होता. त्या मोकळ्या जागी राल्फराव दोन्ही बायकांसकट उभे होते, कपाळाला कुंकू, अंगभर भंडारा, पिवळेधमक.

"सोनाराकडनं नमुना काढून आनला तरी मला बोलला न्हाई," ती म्हणाली. "लई झ्याक काढलाय. ही म्हाळसा, ही बानाई, पायाशी कुत्रं. घोडं तेवडं ऱ्हायलं जनू."

घोड्यानं पाडलं, असं सोपानरावांच्या ओठांवर आलं होतं.

"आन..." ती थांबली. तिचं बोट कागदाजवळ गेलं पण टेकलं नाही, जणू झोपमोड होईल. "हिला बी घ्यायला सांगितली तुमी. मी आपली मनात काय काय बोलत व्हते तुमाला. आत्याबाईंफुडं गप बसला, मला वाटलं ह्यांना काय सोयरसुतकच न्हाई." आणि ती चक्क लाजल्यासारखी हसली. भाकरी परतायला वळली तेव्हा तिच्या पाठीतला ताठा गेलेला होता. वीस वर्षं ती अशीच ताठ चालायची. सोपानरावांना वाटायचं तिची चणच तशी.

त्यांनी भाकरी खाल्ली. काय खाल्लं ते कळलं नाही. गप्प बसलं की झालं, हे मनातलं जुनं माणूस म्हणत होतं. गप्प राहून कुठं काय बिघडतंय? बाई खूश आहे. पण ती उद्या हा कागद घेऊन सोनाराकडं जाईल, सोनार विचारेल हे कुणी काढलं, आणि मग ती तिथं उभी राहील, भर दुकानात, हातात इंग्रज घेऊन. सोपानरावांना एकदम सगळ्या गप्प बसण्यांचा ढीग दिसला. बांधाला म्हणून गप्प, मोजणीच्या वेळी गप्प, चहाच्या कपात बघून गप्प. त्या ढिगावर आणखी एक ठेवायची त्यांची शक्ती संपली होती. धीर वगैरे काही आला नाही त्यांना. फक्त कंटाळा आला, आतड्यापासून कंटाळा.

"इमल, त्यो खंडोबा न्हाई."

तिनं मान वळवली. "मंग कोन हाय?"

"विलायतचा जहागीरदार हाय. कंपनीत त्याची पाटी वतलीया. त्या त्याच्या बायका."

"दोन?"

"पयली मेली, मंग दुसरी."

"आन कुत्रं?"

"कुत्रं त्याचंच."

विमल कागदाकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास सुटला, तरी तिनं उतरवली नाही. आता ती उठेल, कागद फाडेल, असं सोपानरावांना वाटलं आणि तसं झालं असतं तर त्यांना हलकं वाटलं असतं.

"मी भंडारा वाह्यला त्याला," ती म्हणाली.

"वाहू दे. इतक्या वर्सांत कुनी वाह्यला नसंल बिचाऱ्याला."

"आन ही?" आता बोट टेकलं. "ही कोन?"

"त्याची लेक. नाव ठिवायच्या आत गेली. त्याची अशी लई गेली, पर त्यानं समदी घेतली."

"कुनी आडावलं न्हाई त्याला?"

"कोन आडावनार? लेकरं त्याचीच. त्यानं सांगितलं, कारागिरानं केलं."

विमलनं भाकरी उतरवली, काळी बाजू वर. मग त्यांच्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात, पीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाली, "मंग तुमाला कोन आडवतंय?"

सोपानरावांनी खुंटीवरचा सदरा काढला आणि घातला. उन्हं कलली होती. अंबूबाईचं घर वेशीच्या अलीकडं, चार पावलांवर, पण त्या चार पावलांत त्यांनी बोलायची सगळी तयारी केली. काकी, काळ बदलला. काकी, विलायतेत बघ. काकी, नाव नसलं म्हणून काय झालं, रक्त तर होतं. त्यातलं एकही वाक्य आपल्या तोंडून निघेल असं त्यांना वाटत नव्हतं. पाय मात्र सवयीनं कंपनीकडं जातात तसे जात होते. म्हातारी ओट्यावर सूप घेऊन बसली होती, लग्नाची डाळ निवडत.

"ये सोपाना. शिफ्ट सुटली?"

"व्हय." ते पायरीवर बसले, तिच्याकडं पाठ करूनच. "काकी, मी उद्या सोनाराकडं जातोय. टाकात थोरलीला घ्यायची."

"कस्तुराला? जित्या पोरीला रं कशाला?"

"कस्तुरा धाकली. थोरली गेली ती." आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. थोरली. तिला थोरली म्हटलं होतं त्यांनी. वीस वर्षांनी का होईना, घरात तिला एक जागा मिळाली होती, सगळ्यांच्या वरची.

म्हातारीची डाळ सुपात सरकत राहिली, खडा वेगळा, डाळ वेगळी. आता ती म्हणेल, बाईलबुद्ध्या झालास. सोपानरावांनी मनातली वाक्यं पुन्हा एकदा ओळीनं उभी केली.

"पोरगीच व्हती न्हवं ती?" ती म्हणाली.

"व्हय."

"माज्याबी दोन्ही पोरीच व्हत्या."

सोपानरावांना आधी काही कळलं नाही. त्यांनी वळून बघितलं. काकीला ज्ञानदेव एकटाच, नवसाचा, असंच सगळा गाव जाणून होता. ते स्वतः त्याच्याबरोबर गुरं राखत मोठे झालेले. "कंच्या दोन्ही, काकी?"

"ज्ञानदेवाच्या आदीच्या. तू जल्मायचा व्हतास. एक तर रडलीबी न्हाई रं." तिनं सूप मांडीवर टेकवलं. हात सुपातच होते पण निवडत नव्हते. "माज्या सासूला मी असंच इचारलं व्हतं, विमलनं मला इचारलं तसं. ती जे बोलली त्येच मी बोलले. दुसरं मला कुनी शिकवलंच न्हाई, तर मी काय सांगनार?"

सोपानरावांची सगळी वाक्यं तशीच राहिली. आता ती कुणाच्याच कामाची नव्हती. कोपऱ्यावरून जनरल पाळीची सुटलेली माणसं सायकली दामटत गेली, त्यातल्या कुणीतरी राम राम घातला, तो दोघांनीही घेतला नाही.

"एका टाकात मावतील का रं तिगी?" म्हातारीनं विचारलं.

"मावतील की. बारीकच तर हायत्या."

"मंग सोनाराला म्हनावं," म्हातारी म्हणाली, "जरा दाटीवाटीनं बशिव."